मलम, मशीन आणि मध्ये कातडी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते डॉक्टर औषध कंपनीच्या प्रतिनिधीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेत आणि मग एकच प्रश्न विचारत, ‘कशावरून?’ उत्तर पटलं तर औषध लिहीत, नाही पटलं तर चहा पाजून निरोप देत. आजचा विषय मी त्या एका प्रश्नाच्या भरवशावर निवडला आहे.

विषय आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे. रेवस-मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या या किनारपट्टीवर माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टकडे कोण येतं? जाळं ओढून खांदा धरलेला खलाशी येतो. पाट्या उचलून मान आखडलेली कोळीण येते. लावणीच्या दिवसांत कंबर धरून बाया येतात, श्रीवर्धनकडे सुपारीच्या झाडावर चढणारे गडी कोपर चोळत येतात. यांतले निम्मे जण खुर्चीवर बसता बसताच सांगतात, ‘मॅडम, दुखण्याचं मलम लावा आणि वरून मशीन फिरवा, म्हणजे औषध आत जाईल.’ ही मशीन म्हणजे उपचाराचा अल्ट्रासाउंड. सोनोग्राफीशी तिचं नाव जुळतं, पण तिच्यात काही दिसत नाही. ती फक्त ध्वनी आत सोडते. आणि मलमातलं औषध ध्वनीच्या जोराने कातडीपलीकडे नेण्याच्या या पद्धतीला फोनोफोरेसिस म्हणतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा तासभर तुम्हाला ते तपासत बसता येईल. ध्वनीने कातडीतून औषध आत जाऊ शकतं, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. पण ते सर्वांत ठळकपणे ज्या ध्वनीने दाखवलं गेलं, तो आपल्या टेबलावरच्या मशीनचा ध्वनी नव्हे. शिवाय आपण मशीनखाली जे मलम लावतो, ते पुष्कळदा ध्वनीलाच अडवून धरतं.

सुरुवात कातडीपासून करू, कारण सगळा झगडा तिच्याशी आहे. कातडीचा सर्वांत वरचा थर, ज्याला शृंगस्तर म्हणतात, तो जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या थरात चपट्या, मेलेल्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटींत स्निग्ध पदार्थांचे पापुद्रे असतात. पाण्यात विरघळणाऱ्या औषधाला ते स्निग्ध पापुद्रे अडवतात, आणि रेणू मोठा असला तर कशातही विरघळला तरी तो अडतो. सन २००० मध्ये बॉस आणि माइनार्डी या संशोधकांनी एक ढोबळ नियम मांडला: ज्या औषधाच्या रेणूचं वजन ५०० डाल्टनच्या पुढे आहे, ते निरोगी कातडीतून आपणहून फारसं जात नाही. सूज उतरवणारं हायड्रोकॉर्टिसोन ३६२ डाल्टनचं, डायक्लोफिनॅक सोडियम ३१८ चं, बधिर करणारं लिडोकेन २३४ चं. ही तिन्ही मर्यादेच्या आत बसतात, म्हणून त्यांची मलमं निघतात. इन्सुलिन साधारण ५,८०० डाल्टनचं आहे. ते कातडीवर कितीही चोळलं तरी आत जाणार नाही, म्हणून सुई टोचावी लागते.

आता ध्वनीकडे येते. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, त्यापलीकडचा तो अल्ट्रासाउंड. १८८० साली जॅक आणि पिएर क्युरी या भावांना काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते असं आढळलं. उलट वीज दिली की स्फटिक कंप पावतो, हेही लवकरच कळलं. पहिल्या महायुद्धात पाण्याखालच्या पाणबुड्या शोधायच्या होत्या. तेव्हा पॉल लांजव्हँ यांनी तेच तत्त्व वापरून पाण्यात ध्वनी सोडला आणि प्रतिध्वनी टिपला. त्या प्रयोगांत ध्वनीच्या झोतात सापडलेले मासे मरतात, हेही दिसलं. १९२७ मध्ये अमेरिकेत वुड आणि लूमिस यांनी जिवंत पेशींवर होणारा परिणाम नीट नोंदवला आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीला जर्मनीत पोलमन यांनी तो उपचारासाठी वापरायला सुरुवात केली. म्हणजे आमच्या टेबलावरची मशीन आणि आपल्या ट्रॉलरवरचा फिश फाइंडर, दोघांचं मूळ एकच.

हे मी केवळ किनाऱ्यावर बोलते आहे म्हणून सांगत नाही. फिश फाइंडर सामान्यपणे ५० किंवा २०० किलोहर्ट्झवर चालतो, म्हणजे सेकंदाला ५० हजार किंवा दोन लाख कंपनं. आमची मशीन एक किंवा तीन मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे दहा लाख किंवा तीस लाख. हा फरक लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

औषध आणि ध्वनी यांची जोडी १९५४ साली लावली गेली. ऑस्ट्रियातले फेलिंगर आणि श्मिट यांनी हाताच्या सांध्यांच्या सुजेवर हायड्रोकॉर्टिसोन लावून वरून अल्ट्रासाउंड दिला. मग अमेरिकेत जेम्स ग्रिफिन यांनी १९६३ मध्ये डुकरांच्या स्नायूंत औषध खरोखर पोहोचतं का, हे तपासलं आणि ते तिथे सापडल्याचं सांगितलं. १९६७ मध्ये त्यांनी १०२ रुग्णांवर प्रयोग केला. औषधासह अल्ट्रासाउंड मिळालेल्यांपैकी ६८ टक्के लोकांना चांगला आराम पडला. औषधाविना अल्ट्रासाउंड मिळालेल्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं. एवढं पाहिल्यावर जगभरच्या फिजिओथेरपिस्टांनी ही पद्धत उचलली नसती तरच नवल. १९७५ मध्ये क्लाइनकोर्ट आणि वुड यांनी एक टक्क्याऐवजी दहा टक्के हायड्रोकॉर्टिसोन असलेलं मलम सरस ठरल्याचं लिहिलं, आणि दहा टक्क्यांची पद्धत रुजली.

कशावरून, हा प्रश्न इथे उशिरा का होईना, विचारला गेला. १९९२ मध्ये मिशेल कॅमेरॉन आणि लिंडा मनरो या दोघींनी एक साधं मोजमाप केलं. मशीनचं डोकं आणि मोजणारं उपकरण यांच्यामध्ये वेगवेगळी मलमं ठेवली आणि त्यांतून किती ध्वनी पलीकडे जातो ते पाहिलं. पाण्यातून जाणारा ध्वनी १०० धरला. आपलं नेहमीचं अल्ट्रासाउंड जेल ९५ च्या वर गेलं. त्याच जेलमध्ये एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनची पूड घोटली, तर आकडा २९ वर आला. दहा टक्के घोटली, तर ७. आणि जाड, पांढऱ्या क्रीममध्ये मिसळलेलं हायड्रोकॉर्टिसोन? शून्य. पांढरं पेट्रोलॅटमही शून्य.

म्हणजे सतराएक वर्षं जे दहा टक्क्यांचं मलम उत्तम म्हणून वापरलं जात होतं, ते बहुतेक सगळा ध्वनी वाटेतच खात होतं. ध्वनीचं हवेशी मुळीच जमत नाही. जेल आणि कातडी यांच्यात हवेचा पातळ पापुद्रा राहिला, तरी जवळपास सगळा ध्वनी परत फिरतो. पूड घोटताना मलमात हवेचे बुडबुडे अडकतात, न विरघळलेले कण ध्वनी विखरून टाकतात, आणि घट्ट स्निग्ध आधार उरलेला ध्वनी शोषून घेतो. मग त्या रुग्णांना आराम कशाने पडला? काहींना चोळल्याने, काहींना आठवडाभर विश्रांती मिळाल्याने, काहींना नुसत्या दिवस लोटल्याने. दुखणं बहुधा स्वतःच उतरतं, आणि त्याचं श्रेय ज्याच्या हातात मशीन असेल त्याला मिळतं.

१९९८ मध्ये क्लेमन आणि सहकाऱ्यांनी ४९ रुग्ण घेतले. अर्ध्यांना ध्वनी चांगला जाऊ देणाऱ्या जेलमधून स्टिरॉइडसह अल्ट्रासाउंड दिला, अर्ध्यांना साध्या जेलने. तीन आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं आणि दोन्ही गटांत फरक दिसला नाही. नुसत्या अल्ट्रासाउंडबद्दलही रॉबर्टसन आणि बेकर यांनी २००१ मध्ये ३५ चाचण्या चाळल्या. पद्धतशीर म्हणाव्यात अशा त्यांतल्या दहाच निघाल्या आणि त्या दहांपैकी दोनच अल्ट्रासाउंडच्या बाजूने बोलल्या. एका ठिकाणी मात्र त्याची बाजू भक्कम आहे. खांद्याच्या स्नायूबंधात कॅल्शियम साठतं, त्या विकारावर व्हिएन्नामध्ये एबेनबिखलर यांनी १९९९ मध्ये २४ वेळा अल्ट्रासाउंड दिला. नऊ महिन्यांनी ४२ टक्के खांद्यांतला कॅल्शियमचा साठा नाहीसा झाला होता, खोटी मशीन फिरवलेल्यांत ८ टक्के. पण तिथे औषध नव्हतं, फक्त ध्वनी होता.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग ही सगळी थापच का? नाही. आता गोष्टीत आपल्या मुंबईत शिकलेला एक मुलगा येतो.

माटुंग्याच्या यूडीसीटीमधून, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीमधून, समीर मित्रगोत्री १९९२ मध्ये रासायनिक अभियंता झाले आणि पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये गेले. तिथे डॅनियल ब्लँकश्टाइन आणि रॉबर्ट लँगर यांच्या हाताखाली त्यांनी नेमका हाच प्रश्न घेतला: उपचारी अल्ट्रासाउंड एवढा बेभरवशाचा का वागतो? उत्तर त्यांनी कंपनसंख्येत शोधलं. जपानमध्ये तचिबाना यांनी १९९१ मध्येच ४८ किलोहर्ट्झचा ध्वनी वापरून प्राण्यांच्या कातडीतून इन्सुलिन आत घालून दाखवलं होतं. मित्रगोत्री आणि त्यांच्या गुरूंनी २० किलोहर्ट्झ घेतला आणि १९९५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. माणसाच्या कातडीच्या तुकड्यातून इन्सुलिन, इंटरफेरॉन आणि एरिथ्रोपोइटिन हे तीन मोठे रेणू पार गेले होते. एरिथ्रोपोइटिन तर ४८ हजार डाल्टनचं, पाचशेच्या मर्यादेच्या जवळजवळ शंभरपट. मधुमेही प्राण्यांच्या कातडीवर इन्सुलिन ठेवून ध्वनी दिला तेव्हा त्यांच्या रक्तातली साखर उतरली. पुढच्याच वर्षी या मंडळींनी लिहिलं की कमी कंपनांच्या ध्वनीचा परिणाम नेहमीच्या उपचारी ध्वनीपेक्षा हजारपटीपर्यंत जास्त भरतो.

हजारपट कशाने? बुडबुड्यांनी. द्रवातून ध्वनी जातो तेव्हा त्यातला दाब क्षणात वाढतो, क्षणात घटतो. दाब घटला की द्रवात विरघळलेल्या वायूचे सूक्ष्म बुडबुडे फुगतात, वाढला की आक्रसतात, आणि काही जोराने फुटतात. कंपनं जितकी सावकाश, तितका बुडबुड्याला फुगायला जास्त वेळ. एक मेगाहर्ट्झला पाण्यातला अनुकूल बुडबुडा सुमारे तीन मायक्रॉन त्रिज्येचा असतो, वीस किलोहर्ट्झला दीडशेच्या वर. शृंगस्तर फार तर २० मायक्रॉनचा, हे आठवा. असा मोठा बुडबुडा कातडीच्या पृष्ठभागाशी फुटतो तेव्हा द्रवाची सूक्ष्म पिचकारी कातडीकडे झेपावते आणि त्या धक्क्याने स्निग्ध पापुद्रे जागोजागी विस्कटतात. तिथून औषधाला वाट मिळते, आणि काही तासांनी कातडी पूर्ववत होते. आमच्या मशीनचा ध्वनी मुख्यतः ऊब देतो. एक वॉट तीव्रतेला एक मेगाहर्ट्झने स्नायूचं तापमान मिनिटाला साधारण ०.२ अंश वाढतं, तीन मेगाहर्ट्झने ०.६ अंश. त्या उबेने रक्त वाहतं, आखडलेला स्नायू सैलावतो. ते उपयोगाचं आहे, पण ते दार उघडणं नव्हे.

या शोधाचं यंत्रही निघालं. अमेरिकेत २००४ मध्ये सोनोप्रेप नावाच्या उपकरणाला अन्न व औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. ते ५५ किलोहर्ट्झवर चालायचं. कातडीवर काही सेकंद ध्वनी द्यायचा, कातडीतून वीज किती वाहते ते यंत्र स्वतःच मोजायचं आणि पुरेशी वाहू लागली की आपोआप थांबायचं. नंतर चार टक्के लिडोकेनचं मलम लावलं, की पाच मिनिटांत तो भाग बधिर. एरवी त्याला अर्धा ते एक तास लागतो. हा ५५ चा आकडा ऐकून तुमच्यापैकी कुणी तांडेल हसला असेल, तर तो बरोबर हसला. कातडीची वाट मोकळी करणारा ध्वनी आमच्या मशीनपेक्षा त्याच्या फिश फाइंडरच्या जवळचा निघाला. मात्र ते घरी करून पाहायचं नाही. वीस-पन्नास किलोहर्ट्झचा ध्वनी चुकीच्या तीव्रतेने दिला तर कातडी भाजते.

तरीही इन्सुलिनची सुई अजून गेलेली नाही, आणि त्याचं कारण पैशाइतकंच शास्त्रातही आहे. इन्सुलिन मोजून द्यावं लागतं. एका माणसाची कातडी एवढं आत घेईल, दुसऱ्याची दुप्पट, आणि तोच माणूस उन्हात राबून आला तर उद्या वेगळं. सुईतला डोस ठरलेला असतो. शिवाय सुई स्वस्त आहे, बारीक झाली आहे, आणि रुग्णाला स्वतः घेता येते. जे तंत्र सुईला हटवू पाहतं, त्याला या तिन्ही बाबतींत तिच्याशी झुंजावं लागतं.

आता आपल्याकडे काय करायचं? मी मशीन फेकून द्या म्हणत नाही, मी रोज ती वापरते. पण काही गोष्टी प्रत्येक केंद्रात, आजपासून, खर्चाशिवाय करता येतात.

पहिली गोष्ट म्हणजे मलमाची परीक्षा. मशीनच्या डोक्याभोवती चिकटपट्टीचं छोटं कडं करा, त्यात मलमाचा पातळ थर द्या, वर थोडं पाणी ओता आणि तीव्रता हळूहळू वाढवा. पाणी थरथरलं, उसळलं, तर ध्वनी मलमातून जातो आहे. पाणी निवांत राहिलं, तर ते मलम मशीनखाली लावण्यात अर्थ नाही. ते द्यायचंच असेल तर मशीन साध्या जेलने फिरवा, जेल पुसा आणि मग मलम लावा. ब्राझीलमध्ये डायक्लोफिनॅकवर झालेल्या प्रयोगात अल्ट्रासाउंड आधी देऊन नंतर औषध लावलं, तेव्हा रक्तात ते अधिक उतरलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. मशीनच्या डोक्याच्या कार्यक्षम क्षेत्राच्या दुपटीहून मोठ्या भागावर एका बैठकीत उपचार होत नाही. नेहमीचं डोकं पाच चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे तळहातावर मावेल एवढी जागा. अख्ख्या पाठीवर पाच मिनिटं मशीन फिरवली, तर पाठीला जेलखेरीज काही मिळत नाही. शिवाय खारी हवा तारा आणि जोड कुरतडते. मशीनवरचा आकडा आणि डोक्यातून निघणारी शक्ती यांचा मेळ आहे ना, हे किनाऱ्यावर तरी दरवर्षी तपासून घ्यावं.

तिसरी गोष्ट रुग्णाची कातडी. मीठपाण्यात हात घालणाऱ्यांच्या बोटांना भेगा असतात, मासळी निवडताना काटे लागतात. फाटलेल्या कातडीतून औषध ध्वनीशिवायही जास्त आत जातं, तेव्हा तिथे स्टिरॉइड किंवा डायक्लोफिनॅक विचार न करता लावायचं नाही. जुन्या मधुमेह्याच्या पायाला ऊब कळत नाही, तिथे ‘गरम लागलं तर सांगा’ या वाक्यावर विसंबता येत नाही. गरोदर बाईचं पोट आणि कंबर, कर्करोगाची जागा, डोळे, पायाच्या शिरेत गुठळी असलेला भाग, या ठिकाणी मशीन फिरवायची नाही. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांवरही नाही. आणि आधी विचारायचं, कोणती गोळी चालू आहे, कशाची ॲलर्जी आहे. मलम बाहेरून लावलं म्हणून ते औषध नाही असं होत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे दुखण्याचं मूळ. ज्याचा खांदा जाळं ओढून दुखतो, तो उद्या पुन्हा जाळं ओढणार आहे. त्याला खांद्याच्या फऱ्याचे व्यायाम, ओढताना अंगाची ठेवण आणि मधली विश्रांती शिकवली नाही, तर मशीन ही आठवड्याची वर्गणी होऊन बसते.

रुग्णांनाही एक हक्काची गोष्ट सांगते. तुम्ही विचारा, यात औषध कोणतं आहे, ते मशीनखाली जातं कशावरून, आणि किती बैठकांनंतर आपण थांबून पाहणार आहोत. या प्रश्नांचा राग येणाऱ्या थेरपिस्टपेक्षा उत्तर देणारा शोधावा.

शेवटी एक मागणं आहे, आणि ते माझ्या व्यवसायबंधूंकडे आहे. असल्या प्रश्नांची उत्तरं बॉस्टनमध्ये किंवा व्हिएन्नामध्येच मिळतात, असं आपण धरून चालतो. आपल्याच जिल्ह्यात याचं उलट उदाहरण आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचूदंशाच्या एकेका रुग्णाजवळ रात्रभर बसून नोंदी करत राहिले. त्या नोंदींतून १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला आणि विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार उभा राहिला. पुढे महाडलाच ७० रुग्णांवर त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने विभागणी करून चाचणी केली. प्रतिविष आणि प्राझोसिन मिळालेले सरासरी ८ तासांत सावरले, नुसतं प्राझोसिन मिळालेले १७.७ तासांत. ती चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. तिला लागलं ते बारकाईचं लक्ष, वही आणि सत्याची चाड.

आपला प्रश्न त्याहून सोपा आहे. जाळं ओढणाऱ्यांचे दुखरे खांदे आपल्याकडे भरपूर आहेत. रुग्णांचे तीन गट करावेत: एकाला साध्या जेलने अल्ट्रासाउंड, दुसऱ्याला परीक्षेला उतरलेल्या औषधी जेलने, तिसऱ्याला तेच औषधी जेल आणि बंद मशीन. तिघांना व्यायाम सारखेच. कोण कोणत्या गटात आहे हे दुखणं मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. रुग्णांची संमती घ्यायची, नीतिसमितीची परवानगी घ्यायची आणि २००७ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय चाचणी नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्याआधी नोंद करायची. कामोठ्याला, आपल्याच जिल्ह्यात, फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे. त्यांचे विद्यार्थी, आपली केंद्रं आणि एक मासेमारीचा हंगाम एवढ्यावर हे काम होईल. निकाल काहीही लागला तरी तो आपला असेल. मलमाने फरक पडला तर आत्मविश्वासाने देऊ. नाही पडला तर रुग्णाचे मलमाचे पैसे वाचतील आणि आपण तो वेळ व्यायाम शिकवण्यात घालू.

ज्यांना यात भाग घ्यायचा आहे, त्यांनी सभा संपल्यावर व्यासपीठाजवळच्या वहीत आपलं नाव आणि केंद्राचं गाव लिहून जावं. चिकटपट्टी आणि पाण्याची परीक्षा मी आत्ता लगेच इथेच करून दाखवणार आहे. कुणाकडे रोजच्या वापरातलं मलम असेल तर पुढे घेऊन या.